ख्रिस्ती जीवनांत सन्मार्गदर्शकाचें स्थान



सह्याद्रीच्या घाटांतून पायीं प्रवास करण्याच्या काळांत शहाणा वाटसरू पायथ्याच्या गांवीं थांबून एक वाटाड्या बरोबर घेत असे. वाटाड्या त्याला खांद्यावर वाहून नेत नसे. चालावयाचें ज्याचें त्यानेंच, आणि दम लागावयाचा तोहि ज्याचा त्यालाच. परंतु कोणत्या वळणावर कडा आहे, पाणी कोठें मिळेल, कोणती मळलेली पायवाट पुढें जाऊन रानांत विरून जाते, हें ज्याला ठाऊक आहे असा मनुष्य चार पावलें पुढें असला, म्हणजे वाटसरूचें अर्धें भय ओसरत असे. धर्मजीवनाची वाट या घाटवाटेहून सोपी नाहीं. त्या वाटेवर अनुभवी माणसाची सोबत आणि सुज्ञ मसलत यांचें मोल काय, आणि त्या मसलतीची मर्यादा कोठें येते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

देव आपला पिता आहे, त्याचें वचन आपल्या हातांत आहे, आणि पवित्र आत्मा अंतःकरणांत साक्ष देतो. मग माणसाच्या सल्ल्याची गरज ती काय, असें कित्येक भाविक माणसें प्रामाणिकपणें विचारतात. या प्रश्नाचें उत्तर शास्त्रांतच आहे. मोशे देवाशीं बोलत असे. तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानें लोकांचे तंटे तोडीत बसलेल्या मोशेला, हा भार तुला झेपणार नाहीं, कामाची वांटणी कर, असें सांगणारा त्याचा सासरा इथ्रो होता. मोशेनें तें निमूटपणें ऐकलें. उलट शलमोनाचा मुलगा रहबाम यानें वडीलधाऱ्यांची मसलत झिडकारून आपल्या वयाच्या सोबत्यांचें ऐकलें, आणि दहा वंशांचें राज्य गमावलें. दाविदाला त्याचें पाप दाखवावयाला नाथान संदेष्टा आला, तो एक गोष्ट सांगत आला. अपुल्लोस मोठा वक्ता व शास्त्रांत निपुण. परंतु त्याच्या ज्ञानांत जी उणीव होती ती प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्यानें भरून काढली. त्यांनीं भरसभेंत त्याला अडविलें नाहीं. आपल्याकडे नेऊन प्रेमानें समजाविलें. देवाचा आत्मा माणसाला शिकवितो हें खरें. पण पुष्कळदां तो दुसऱ्या माणसाच्या तोंडानें शिकवितो, हेंहि तितकेंच खरें.

हे दाखले सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु या विषयाचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रांतच, एका थोर स्त्रीच्या चरित्रांत आहे. पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयीं आणि त्यांच्या सेवेविषयीं पुष्कळ बोललें जातें. त्यांना घडविणाऱ्या माणसांविषयीं, आणि ज्यांच्याशीं त्यांना झगडावें लागलें त्या हितचिंतकांविषयीं, त्या मानानें थोडेंच बोललें जातें. मार्गदर्शकाचें मोल आणि मार्गदर्शकाची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या चरित्रांत स्पष्ट दिसतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं, स्त्रियांना संस्कृत शिकवूं नये या समजुतीला न जुमानतां, पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविलें. आणि लक्ष्मीबाईंनीं लेकीला. जगांतला पहिला मार्गदर्शक मुलाला घरांतच लाभतो. रमाबाईंना तो मातापित्यांच्या रूपानें लाभला, आणि फार लवकर अंतरला. १८७४ सालच्या दुष्काळांत आईबाप दोघेहि गेले. पुढें भावासह हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास आल्या. तेथील पंडितांनीं त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करून पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. नंतर भाऊ गेला. १८८० सालीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह झाला. आणि १८८२ सालीं तेहि पटकीनें गेले. पदरीं मनोरमा ही लहान मुलगी. चोविसावें वर्ष पुरें होण्याच्या आंतच बाप, आई, भाऊ, पति हे सल्ल्याचे सारे आधार नाहींसे झाले.

अशी स्त्री पुण्यास आली. पुण्यांत सुधारक मंडळींनीं तिचें स्वागत केलें, आर्य महिला समाज स्थापन झाला. तेथेंच रमाबाईंची गांठ एका विलक्षण पुरुषाशीं पडली. ते म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे.

गोऱ्ह्यांची हकीकत ऐकल्यावांचून त्यांच्या सल्ल्याचें वजन कळावयाचें नाहीं. १८२५ सालीं एका चित्पावन कुटुंबांत त्यांचा जन्म झाला, आणि काशीच्या विद्वान मंडळींत ते वाढले. जॉन म्यूर या स्कॉटिश गृहस्थानें संस्कृतांत मतपरीक्षा नांवाचा ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचें मंडन केलें होतें. तरुण नीलकंठशास्त्र्यांनीं शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ लिहून त्याचें खंडन केलें. ज्याला पुढें सारें आयुष्य ख्रिस्ताच्या सेवेंत घालवावयाचें होतें, त्याची लेखणी प्रथम त्या मताच्या विरुद्धच चालली होती. वाद करण्याच्याच हेतूनें ते काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊं लागले. स्मिथ यांना या तरुणाशीं पांडित्यांत बरोबरी करतां आली नसती, आणि तसा त्यांचा प्रयत्नहि नव्हता. त्यांनीं त्याला येऊं दिलें, बोलूं दिलें, वाचावयाला दिलें, आणि वाट पाहिली. वादांत जिंकावें ही इच्छा हळूहळू मागें पडली. डोंगरावरील प्रवचनानें शास्त्र्यांचें मन वेधलें. १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या धर्मांतराची किंमत काय पडली तें आज पूर्णपणें कळणें कठीण आहे. त्या काळीं अशा मनुष्याला घराचा उंबरठा बंद होई. वडिलांची आज्ञा, चुलत्यांची मसलत, सासुरवाडीचा आधार, शेजारपाजाराची ओळख, हें सर्व एका दिवसांत तुटे. नव्या समाजांत त्याची भाषा व चालीरीति समजणारे थोडे. म्हणूनच या देशांतील ख्रिस्ती जीवनांत वडीलकीच्या मार्गदर्शकाचें स्थान केवळ सोयीचें राहिलें नाहीं. तुटलेल्या कुटुंबाची जागा कोणीतरी घ्यावयाची होती. ज्याला अशी कोणाचीच सोबत मिळाली नाहीं, त्याचें मन एकटेपणानें खचून जाण्याचा धोका मोठा होता.

गोऱ्हे यांच्या स्वभावाची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांचें मन मूळचेंच शंकाशील होतें. बाप्तिस्म्यानंतरहि शंकांनीं त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. प्रत्येक सिद्धान्त ते तावून सुलाखून पाहात. १८६० सालीं त्यांनीं षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ लिहिला, त्यांतहि हीच बुद्धीची शिस्त दिसते. शंका म्हणजे काय हें ज्याला स्वतः भोगून ठाऊक होतें, असा हा मनुष्य रमाबाईंसारख्या बुद्धिमान व स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीला भेटला. तोहि शास्त्री, तीहि शास्त्र्याची मुलगी. दोघांचेंहि बालपण संस्कृतांत गेलेलें. रमाबाईंच्या शंका कोणत्या घरांतून येतात हें गोऱ्ह्यांना सांगावें लागत नव्हतें. ते त्याच घरांतून आले होते.

१८८३ सालीं रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी हा मूळ हेतु होता. ख्रिस्ती होण्याचा विचार निघतेवेळीं नव्हता. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनीं त्यांना आश्रय दिला. या भगिनींनीं त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथें चाललेलें आपलें काम दाखविलें. समाजानें टाकून दिलेल्या, पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांना तेथें मायेनें वागवीत. हें पाहून रमाबाईंचें मन हललें. हें कोणाच्या शिकवणीनें घडतें असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. अंतःकरण वळलें, पण बुद्धीचें समाधान बाकी होतें. तें समाधान गोऱ्ह्यांच्या पत्रानें केलें. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं रमाबाईंच्या ज्या अडचणी होत्या, त्यांना उत्तर म्हणून या वृद्ध मार्गदर्शकानें हिंदुस्थानांतून सविस्तर पत्र लिहिलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथें सुज्ञ मसलतीचीं दोन अंगें एकत्र आलेलीं दिसतात. भगिनींनीं उपदेश थोडा केला आणि आचरण दाखविलें. गोऱ्ह्यांनीं हजारों मैलांवरून शंकेचें उत्तर शंकेच्याच भाषेंत दिलें. आचरणावांचून उत्तर कोरडें राहिलें असतें, आणि उत्तरावांचून आचरण केवळ भावनेस हलवून गेलें असतें.

परंतु बाप्तिस्म्याबरोबर सारे प्रश्न मिटले नाहींत. खरी कसोटी पुढेंच होती. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांनीं रमाबाईंच्या आत्मिक मातेचें पद घेतलें होतें. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे, आणि रमाबाईहि त्यांना त्याच लाडक्या नांवानें पत्रें लिहीत. जेराल्डिन यांचें प्रेम खरें होतें; त्यांची काळजीहि खरी होती. परंतु त्यांच्या मनांत ख्रिस्ती असणें आणि आपल्या मंडळीची प्रत्येक रीत मुकाट्यानें मान्य करणें, या दोन गोष्टी एकजीव झाल्या होत्या. रमाबाई मांसाहार करीत नसत, त्यांत जेराल्डिनना जुन्या जातीचा अभिमान दिसे. क्रुसावरील लॅटिन अक्षरांचा प्रश्न निघाला. लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र कां मानावी, असें रमाबाईंनीं विचारलें. त्रैक्य, चमत्कार, मंडळीचा अधिकार, यांविषयीं त्या प्रश्न करीत. प्रत्येक प्रश्न जेराल्डिनना अहंकाराचें चिन्ह वाटे. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयांत रमाबाई शिकत व संस्कृत शिकवीत. तेथें पुरुष विद्यार्थ्यांनाहि त्यांनीं शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं विरोध केला. असें केल्यास स्वदेशांतील स्त्रियांवरचें त्यांचें वजन जाईल असें त्यांचें म्हणणें. ज्या स्त्रीनें कलकत्त्यास पंडितांच्या सभा गाजविल्या होत्या, आणि ज्या पित्यानें लोकनिंदा सोसून स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला त्याची जी मुलगी, तिला हा सल्ला कसा वाटला असेल याची कल्पना सहज येते.

रमाबाईंनीं नम्रपणें पण ठामपणें उत्तरें दिलीं. त्यांचा आशय असा कीं, मोठ्या कष्टानें एका जोखडांतून आपण सुटलों, तें दुसरें जोखड मानेवर घेण्यासाठीं नव्हे. देवानें दिलेली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्याहि स्वाधीन करून देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. आज्ञा पाळावयाची ती देवाची, आणि देवाची आज्ञा कोणती हें ओळखण्याचा भार प्रत्येकावर आहे. यांत उद्दामपणा किती आणि प्रामाणिकपणा किती, याविषयीं त्या वेळींहि मतभेद होता. आज इतकें निश्चित म्हणतां येतें कीं, त्या स्त्रीचें पुढील सारें आयुष्य स्वतःच्या मनाप्रमाणें चैन करण्यांत गेलें नाहीं. जी स्वातंत्र्य मागते ती सेवाहि करूं शकते, याची साक्ष तिच्या कार्यानें दिली.

याच काळांत चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख मिस डोरोथिआ बील यांनीं दुसऱ्या प्रकारचें मार्गदर्शन केलें. त्या रमाबाईंच्या शंकांनीं दचकल्या नाहींत. प्रश्न विचारणाऱ्या मनाला घाईनें गप्प बसविलें तर तें एकतर खोटें बोलावयाला शिकतें किंवा दूर निघून जातें, हें शिक्षकाच्या धंद्यांत त्यांनीं पाहिलें असलें पाहिजे. त्यांनीं रमाबाईंशीं पत्रांतून धीरानें चर्चा केली, आणि या बाईंना घाई न करतां आपली वाट शोधूं द्यावी असें वाँटेजच्या मंडळींनाहि कळविलें. कान मंद होत चालल्यामुळें रमाबाईंना वैद्यकीचा बेत सोडावा लागला होता. अशा निराशेच्या दिवसांत चेल्टनहॅमच्या अभ्यासानें व मिस बील यांच्या स्नेहानें त्यांना उभें राहण्याचें बळ दिलें.

तथापि जेराल्डिन यांना केवळ दोष देऊन मोकळें होणें न्यायाचें नाहीं. रमाबाई चेल्टनहॅमला असतां मनोरमेला त्यांनीं सांभाळलें. मतभेद होऊनहि दोघींचा पत्रव्यवहार तुटला नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं, रमाबाईंनीं ज्या पत्रांतून त्यांना स्पष्ट शब्दांत विरोध केला, तीं पत्रेंहि त्यांनीं जपून ठेविलीं व उतारकाळीं एकत्र लावून ठेविलीं. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें तीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलीं. आपल्याविरुद्धचा पुरावा न जाळणारा मार्गदर्शक चुकला असेल, पण तो अप्रामाणिक नव्हता. अशा माणसाचे उपकार शिष्यानें विसरूं नयेत. रमाबाईहि विसरल्या नाहींत.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्तानें रमाबाई अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें, व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांसारखीं वजनदार माणसें सदनाच्या सल्लागार मंडळांत होतीं. रमाबाईंनीं त्यांच्या सल्ल्याचा आदर केला. परंतु आपण प्रार्थना करीत असतां दार लावून घेऊन मुलींना बाहेर ठेवणें त्यांना मान्य होईना. १८९३ सालीं सल्लागार मंडळी दूर झाली. एका बाजूस ख्रिस्ती मंडळींतले अधिकारी, दुसऱ्या बाजूस हिंदु समाजांतले सुधारक. दोन्हीकडचीं मोठीं माणसें हितचिंतक असूनहि एका ठिकाणीं त्यांची मसलत रमाबाईंच्या विवेकाशीं जुळली नाहीं. अशा प्रसंगीं मनुष्य किती एकटा पडतो तें ज्यानें अनुभवलें असेल त्यालाच कळेल.

आतां या चरित्रांतली सर्वांत विस्मयकारक गोष्ट. रमाबाईंनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडला नव्हता. ती उणीव १८९१ च्या सुमारास एका पुस्तकाच्या वाचनानें त्यांच्या ध्यानांत आली. त्या पुस्तकाचा कर्ता विल्यम हॅस्लम. हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील एक पाळक. उपासना चोख, देऊळ नीटनेटकें, सारें यथासांग. त्याच्या आजारी माळ्याच्या जीवनांत असा पालट झाला कीं तो पाहून पाळकच गोंधळला. मग तो पेंडीन गांवच्या रॉबर्ट एटकिन नांवाच्या वडील पाळकाकडे सल्ला विचारावयाला गेला. एटकिननें त्याची समजूत काढली नाहीं. तुम्हांला स्वतःलाच ख्रिस्ताची ओळख झालेली नाहीं, ती होईपर्यंत लोकांना उपदेश करूं नका, अशा अर्थाचें त्यानें रोखठोक सांगितलें. हॅस्लम दुखावला, पण घरीं जाऊन त्यानें तें शब्द मनाशीं तोलले. १८५१ सालीं एका रविवारीं स्वतःच्याच देवळांत उपदेश करतां करतां त्याच्या जीवनाचा पालट झाला. पुढें त्यानें ही हकीकत लिहिली, आणि तें पुस्तक पुण्यांत रमाबाईंच्या हातीं आलें.

एटकिन व रमाबाई यांची कधीं भेट झाली नाहीं. कॉर्नवॉलच्या एका कोपऱ्यांत, बंद खोलींत, एका म्हाताऱ्यानें दुसऱ्या पाळकाला कडू पण खरी मसलत दिली; चाळीस वर्षांनीं तिचें फळ महाराष्ट्रांत आलें. तिकडे काशींत स्मिथ यांनीं एका वादखोर तरुणाची धीरानें वाट पाहिली. तिचें फळ त्या तरुणाच्या पत्रांतून वाँटेजला पोहोंचलें. सल्ला देणाऱ्याला आपल्या शब्दाचें पुढें काय झालें हें पुष्कळदां कळतच नाहीं. कळावें अशी अपेक्षाहि त्यानें ठेवूं नये.

रमाबाई पुढें स्वतःच शेंकडों मुलींच्या मार्गदर्शक झाल्या. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. ज्या मुलीनें १८७४ सालीं आईबापांना उपाशीं मरतांना पाहिलें होतें, तिला उपाशी मुलींचे डोळे ओळखीचे होते. सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणल्या. केडगांवचें मुक्तिसदन वाढत गेलें. पुढें तेथील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. तेथें मुली वाचावयाला शिकल्या, माग चालवावयाला शिकल्या, शेतींत राबल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनीं स्पर्शानें वाचावयाला शिकविलें. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या; १९२४ सालीं संपूर्ण बायबल छापून बाहेर आलें. सामान्य बाईला दुसऱ्याच्या मध्यस्थीवांचून देवाचें वचन वाचतां यावें, ही ज्या स्त्रीची अखेरची धडपड होती, तिला मार्गदर्शकाचें खरें काम कोणतें तें पुरतें कळलें होतें.

या हकीकतींतून ध्यानांत घेण्यासारख्या गोष्टी थोडक्यांत अशा. सल्ला विचारावा तर तो त्या वाटेनें गेलेल्या माणसाला विचारावा. गोऱ्हे यांना शंका ठाऊक होती, म्हणून त्यांचें उत्तर पोहोंचलें. ज्यानें कधीं ठेंच खाल्ली नाहीं त्याचा उपदेश शुद्ध असेल, पण त्याचा हात पकडतां येत नाहीं. दुसरें असें कीं, चांगला मार्गदर्शक प्रश्नाला भीत नाहीं. मंडळींत एखाद्या तरुणानें शंका काढतांच वडील माणसें कपाळाला आठ्या घालतात, आणि तो तरुण त्या दिवसापासून मनांतलें बोलणें बंद करतो. तो विश्वासांत स्थिर झाला असें वडिलांना वाटतें; वस्तुतः तो फक्त गप्प झालेला असतो. तिसरें, गोड सल्ला देणें सोपें आहे. एटकिनप्रमाणें खरें बोलणारा दुर्मिळ. परंतु खरें बोलावयाचें तें एकांतांत, प्रेमानें, आणि समोरच्याच्या हितासाठीं. स्वतःचा अधिकार मिरविण्यासाठीं नव्हे.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र वेगळी आहे. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना दुसऱ्याकडे बोट दाखवून स्वतः मागें सरला. ख्रिस्ती मार्गदर्शकाचें पद तेवढेंच. तो वाट दाखवितो. स्वतः मुक्कामाचें ठिकाण होत नाहीं. आपल्या देशांत गुरूविषयींचा आदर मोठा आहे, आणि तो योग्यहि आहे. परंतु गुरूच्या आदराचें रूपांतर गुरूच्या दास्यांत झालें, म्हणजे शिष्याचा विवेक झोंपी जातो आणि गुरूचा अहंकार जागा होतो. दोघांचेंहि त्यांत अहित आहे. ज्या दिवशीं शिष्य आपल्याला न विचारतां योग्य निर्णय करूं लागला, त्या दिवशीं ज्याला दुःख न होतां आनंद होतो, तोच खरा मार्गदर्शक.

सल्ला घेणाऱ्याकडेहि कर्तव्यें आहेत. कित्येकजण निर्णय आधींच करून येतात आणि वडिलांकडून केवळ होकार घेऊं पाहतात. रहबामाची चूक हीच होती. कित्येकजण अर्धी हकीकत सांगतात आणि पुऱ्या सल्ल्याची अपेक्षा करतात. रोग लपविणाऱ्याला वैद्य काय औषध देणार? सल्ला एकाच माणसाचा न घेतां दोघांतिघां सुज्ञांचा घ्यावा; तो प्रार्थनेंत देवापुढें ठेवावा; शास्त्राशीं ताडून पाहावा; आणि मग जो निर्णय होईल त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी. फसलें तर सल्लागाराला दोष देत हिंडूं नये. आणि एखाद्या ठिकाणीं मार्गदर्शकाशीं मत जुळेना, तर रमाबाईंप्रमाणें स्पष्ट बोलावें, पण स्नेहाचा दोरा तोडूं नये. मतभेद झाला म्हणजे कृतज्ञता संपली असें होत नाहीं.

आजहि नोकरीसाठीं गांव सोडून शहरांत एकटा राहणारा तरुण आहे. लग्न होऊन परक्या गांवच्या मंडळींत आलेली मुलगी आहे. घरच्यांचा रोष पत्करून ख्रिस्ताच्या मागें निघालेला, आणि रविवारच्या उपासनेनंतर ज्याच्याशीं कोणीच बोलत नाहीं, असा नवा विश्वासू आहे. अशांना मोठ्या पंडिताची गरज असतेच असें नाहीं. कोणी त्याला घरीं बोलवावें, पानावर बसवावें, त्याचें सारें ऐकून घ्यावें, आणि मग आपल्या अनुभवाचे दोन शब्द सांगावे, एवढें पुरेसें असतें. प्रिस्किल्ला व अक्विला यांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें. ज्याला आयुष्यांत एकदां तरी असा आधार मिळाला, त्याच्यावर तो आधार पुढें देण्याचें ऋण आहे. ज्याला तो कधींच मिळाला नाहीं, त्याला तर त्याचें मोल अधिकच ठाऊक. त्यानेंच दार आधीं उघडावें.

घाट चढून गेलेल्या वाटाड्याला पुन्हां पायथ्याशीं यावें लागतें. त्याचे पाय दमलेले असतात. तरी खालीं कोणीतरी नवा वाटसरू थांबलेला असतो, आणि दिवस मावळावयाच्या आंत त्याला वर पोहोंचावयाचें असतें.